तब्येत, तालीम आणि आरसा : किशोरवयीनांच्या शारीरिक हालचाली, बैठ्या सवयी व देहप्रतिमा

वयाच्या १० ते १९ या वर्षांना जागतिक आरोग्य संघटना किशोरावस्था म्हणते. आपल्या शाळांमधील आठवीपासून ते पदवीपूर्व महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षापर्यंतचे जवळजवळ सर्व विद्यार्थी याच वयाचे असतात. त्यांच्या निकालाविषयी, गळतीविषयी, इंग्रजीविषयी आपण बैठका घेतो. परंतु त्यांच्या शरीराविषयी आपल्या दप्तरात उंची व वजन या दोन रकान्यांपलीकडे सहसा काही नसते. प्रस्तुत लेखिका भाषेची अध्यापिका आहे; वैद्यकशास्त्र किंवा शारीरिक शिक्षण हा तिचा विषय नव्हे. तरीही हे लिहिण्याचे धाडस करावेसे वाटले, कारण कमलनगरसारख्या गावात शिकवताना एक गोष्ट वर्षानुवर्षे डोळ्यांसमोर घडते. सहावी-सातवीपर्यंत मैदानभर धावणाऱ्या मुली नववीत भिंतीला टेकून उभ्या राहतात. काही मुलगेही हळूच त्यांच्यासारखेच कडेला सरकतात. आपण त्याला 'आळस' म्हणतो किंवा 'वयच तसे' म्हणून सोडून देतो. माझे म्हणणे असे की यातला पुष्कळसा भाग आळसाचा नसून लाजेचा आहे, आणि ती लाज घडवण्यात आपल्या बोलण्याचा, म्हणजे घरच्यांच्या आणि शिक्षकांच्या बोलण्याचा, मोठा वाटा आहे.

शरीराचे शब्द

बिदर-उदगीर रस्त्यावरील या गावात मराठी, कन्नड आणि दखनी उर्दू या तिन्ही भाषा एकाच दुकानाच्या पायरीवर ऐकू येतात. त्यामुळे शरीराविषयीचे शब्दही तिन्हीकडून येतात. 'तब्येत' हा शब्द घ्या. तो मूळचा अरबी. उर्दूत 'तबीयत' म्हणजे प्रकृती, पण त्याचबरोबर स्वभाव, मनाचा कल. मराठीत आल्यावर त्यातील मन मागे पडले आणि देह पुढे आला. 'सुट्टीत तब्येत सुधारली हं' याचा आपल्याकडे सरळ अर्थ वजन वाढले असा होतो. दखनी बोलणाऱ्या घरांत हेच 'सेहत बन गई' म्हणून सांगतात, आणि एखाद्या मुलीला 'तंदुरुस्त' म्हटले की ती समजून जाते. उलट बाजूला 'काडी पहिलवान', 'हाडांचा सापळा', 'सूख को काँटा हो गई' हे आहेच. मुलींच्या बाबतीत यादी आणखी लांबते : अंगाने भरलेली, शेलाटी, ठेंगणी, उजळ, निमगोरी, गव्हाळ, सावळी. रंगाच्या इतक्या छटा आपण कापडाच्या दुकानातही मोजत नाही.

शरीर कसे दिसते याचे इतके शब्द. शरीर काय करू शकते याचे मात्र मोजकेच. चपळ, काटक, चिवट, दणकट. त्यातला 'काटक' आपण शेतात राबणाऱ्या सत्तरीच्या आजीसाठी राखून ठेवला आहे. पंधरा वर्षांच्या मुलीला 'काटक आहेस' असे कौतुकाने म्हटलेले मी तरी क्वचितच ऐकले आहे.

मानसशास्त्रात याला देहप्रतिमा असे म्हणतात. पॉल शिल्डर या मनोविकारतज्ज्ञाने १९३५ मध्ये आपल्या ग्रंथात तिचे सविस्तर विवेचन केले. आपल्या शरीराचे जे चित्र आपण मनात बाळगतो ती देहप्रतिमा. ते चित्र केवळ आरशावरून बनत नाही. लोक काय म्हणतात, कसे पाहतात, कशावर हसतात, यावरून ते रंगत जाते. किशोरवयात शरीर झपाट्याने बदलत असते. मुलींची उंची साधारण अकरा-बाराव्या वर्षी वेगाने वाढते, मुलग्यांची त्यानंतर दोनेक वर्षांनी. त्यामुळे सातवी-आठवीच्या वर्गात मुली उंच आणि मुलगे बुटके दिसतात. यौवनारंभाच्या काळात मुलींच्या शरीरात मेदाचे प्रमाण वाढणे हा निसर्गक्रम आहे, बिघाड नव्हे. परंतु नेमक्या याच वर्षांत त्यांच्यावर सर्वाधिक शेरे पडतात.

येथे स्वतःचा एक अनुभव सांगते. आठवीत असताना कवायतीच्या तासाला आमच्या शिक्षकांनी मला पहिल्या रांगेतून उचलून शेवटच्या रांगेत उभे केले आणि 'पुढे जागा अपुरी पडते' असे हसत म्हटले. वर्ग हसला. मीही हसले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हते, हे आज या खुर्चीत बसल्यावर कळते. पण त्यानंतर दहावीपर्यंत कवायतीच्या दिवशी माझे पोट हमखास दुखू लागे. घरी वाटे, पोरीला जंत झाले असावेत.

निष्क्रिय आणि बैठा : दोन निराळ्या गोष्टी

आपण 'हालचाल नाही' आणि 'बसून राहणे' हे शब्द एकाच अर्थाने वापरतो. शास्त्रीय दृष्ट्या त्या दोन गोष्टी आहेत. स्वस्थ बसलेल्या माणसाला जितकी ऊर्जा लागते ते एक एकक मानले, तर जागेपणी बसून किंवा लवंडून असताना दीड एककापर्यंत ऊर्जा लागते. त्या वर्तनाला बैठे वर्तन म्हणतात. झपाझप चालताना तीन-चार एकके लागतात, पळताना सात किंवा अधिक. आता एखादा मुलगा सकाळी तासभर क्रिकेट खेळतो, नंतर वर्ग, शिकवणी व मोबाइल मिळून दहा तास बसतो. तो सक्रियही आहे आणि बैठाही. उलट दुकानात दिवसभर उभा राहून वडिलांना मदत करणारा मुलगा बैठा नाही, परंतु त्याला दम लागेल अशी हालचाल घडतेच असे नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वयोगटासाठी आठवड्याच्या सरासरीने रोज ६० मिनिटे मध्यम ते तीव्र हालचाल आवश्यक आहे. आठवड्यातून किमान तीन दिवस ती जोराची, स्नायू व हाडे बळकट करणारी असावी. हाडांचा उल्लेख सहज केलेला नाही. प्रौढपणी शरीरात जितके हाडांचे वस्तुमान असते त्यापैकी सुमारे एक चतुर्थांश भाग उंची झपाट्याने वाढण्याच्या आसपासच्या दोन वर्षांत जमा होतो. म्हणजे ज्या वर्षी मुलगी भिंतीला टेकते, तेच वर्ष उड्या मारण्याचे असते.

२०१९ मध्ये एक जागतिक अभ्यास प्रसिद्ध झाला. १४६ देशांतील ११ ते १७ वयाच्या सुमारे १६ लाख विद्यार्थ्यांची माहिती त्यात एकत्र केली होती. २०१६ साली जगातील ८१ टक्के किशोरवयीनांना पुरेशी हालचाल घडत नव्हती. मुलींमध्ये हे प्रमाण जवळजवळ ८५ टक्के, मुलग्यांमध्ये ७८ टक्के. भारत आणि बांगलादेश यांची स्थिती जगाच्या तुलनेत थोडी बरी आढळली. त्याचे संभाव्य कारण अभ्यासकांनी दिले ते वाचून मी थांबले : मुलगे क्रिकेटसारखे खेळ खेळतात, आणि मुलींना घरकाम पडते.

म्हणजे आपल्या मुली ज्या थोड्याफार सक्रिय ठरल्या, त्या बहुधा घागरी, झाडू आणि धुण्याच्या जोरावर. हृदयाच्या दृष्टीने डोक्यावरची घागर ही हालचालच आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यात जिंकणे-हरणे नाही, सवंगडी नाहीत, स्वतःच्या मर्जीने थांबणे नाही. आणि नळ आला, धुण्याचे यंत्र आले की ती हालचाल जाते. ती जावीच. तिच्या जागी काय येते हा प्रश्न आहे. सध्या मोबाइल आला आहे.

लंडनमधील एक जुना अभ्यास येथे उपयोगी पडेल. जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये तेथील दुमजली बसगाड्यांच्या चालकांची व वाहकांची तुलना केली. चालक दिवसभर बसून. वाहक रोज ५०० ते ७५० पायऱ्या चढे-उतरे. चालकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण लक्षणीय अधिक निघाले. शंका अशी घेतली गेली की मुळात जाड माणसेच चालक होत असतील. तेव्हा मॉरिस यांनी कंपनीच्या गणवेशाच्या नोंदींवरून विजारींच्या कमरेची मापे काढली आणि १९५६ मध्ये तीही प्रसिद्ध केली. चालकांच्या कमरा रुंद होत्या हे खरे. तरी सडपातळ असो की स्थूल, पायऱ्या चढणारा वाहक अधिक सुरक्षित होता. अंगकाठीपेक्षा पायऱ्यांचे महत्त्व अधिक ठरले.

बारीक म्हणजे निरोगी?

हीच गोष्ट आपल्याकडे पुण्यातून आणखी ठळकपणे पुढे आली. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा व त्यांच्या बाळांचा अभ्यास हाती घेतला. तेथील नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पुण्याची बाळे हाडापेराने, स्नायूंनी लहान. पण त्यांच्या अंगावरील मेद त्या मानाने फारसा कमी नव्हता. दिसायला कृश, आतून मेदयुक्त. पुढे २००४ मध्ये डॉ. याज्ञिक यांनी स्वतःचे आणि इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी-शेजारी छापले. उंची-वजनाच्या गणिताने काढलेला निर्देशांक दोघांचा सारखाच, २२.३. शरीरातील मेद मात्र युडकिन यांचा ९.१ टक्के, याज्ञिकांचा २१.२ टक्के. आपल्या दप्तरातील त्या दोन रकान्यांची मर्यादा याहून चांगली कोणी दाखवली असेल असे वाटत नाही.

२०१६ ते २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयोगटातील २४ टक्के मुले-मुली कृश आढळली; अतिरिक्त वजनाची केवळ ५ टक्के. तरीही सुमारे १० टक्के किशोरवयीनांच्या रक्तातील साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर होती. ही संख्या जाड मुलांच्या संख्येत मावत नाही, हे सांगायला नको. म्हणून 'आमची मुले तर काड्या आहेत, त्यांना व्यायाम कशाला' हा पालकसभेत हमखास येणारा युक्तिवाद टिकत नाही.

दुसरी बाब रक्ताची. याच सर्वेक्षणानुसार या वयातील ४० टक्के मुली व १८ टक्के मुलगे रक्तक्षयग्रस्त होते. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या मुलींत हे प्रमाण ५९ टक्के आणि मुलग्यांत ३१ टक्के दिसते. वयोगट आणि रक्त घेण्याची पद्धत वेगळी असल्याने दोन्ही आकडे एकमेकांशी थेट ताडून पाहू नयेत. परंतु कोणताही घेतला तरी मुलींच्या बाजूने तो भयावहच आहे. रक्तात लोह कमी असेल तर जिना चढताना धाप लागते, तिसऱ्या तासाला डोळे मिटतात, पळण्याची इच्छाच होत नाही. तिला आपण आळशी म्हणतो. शाळेतून दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मुली दप्तरात टाकतात किंवा खिडकीतून फेकतात, कारण 'गोळीने मळमळते' आणि कोणाकडून तरी ऐकलेले 'गोळीने अंग सुटते'. मळमळ टाळण्यासाठी ती जेवणानंतर घ्यायची असते, एवढे सांगणारे कोणी तरी हवे. अंग सुटण्याची भीती मात्र गोळीची नाही, ती शब्दांची आहे.

ऊन, रस्ता आणि कपडे

मुली मैदानावर का येत नाहीत, असे मी गेली काही वर्षे वेगवेगळ्या निमित्तांनी विचारत आले आहे. उत्तरांत 'आवडत नाही' फार कमी वेळा येते. 'उन्हाने काळी पडशील, अम्मी ओरडते' हे सर्वांत नेहमीचे. आमच्या भागातील ऊन खरोखर कडक आहे आणि बहुतेक मैदानांवर सावलीला एक झाडही नसते. पण ही भीती उष्माघाताची नसून स्थळांची आहे. १९७५ मध्ये बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली'ने २०२० मध्ये आपल्या नावातून गोरेपणा काढून टाकला. लग्नाच्या बैठकीतून तो काढणे कंपनीच्या हातात नाही.

त्यानंतर येते ते 'सगळे बघतात'. मैदान रस्त्यालगत असते. कुंपण पडलेले, पलीकडे चहाची टपरी. 'पळताना अंग हलते' असे एका मुलीने मान खाली घालून सांगितले होते. यात बुरखा-ओढणीचा प्रश्न जितका वाटतो तितका मध्यवर्ती नाही. लिंगायत, मराठा, दलित घरांतील मुलीही नेमके हेच सांगतात. पोशाखाची तांत्रिक अडचण तर बरीच सुटली आहे : जागतिक फुटबॉल महासंघाने २०१४ मध्ये व बास्केटबॉल महासंघाने २०१७ मध्ये डोके झाकून खेळण्यास नियमात जागा दिली. अडते ते सैल सलवार-कमीज, पायात चप्पल, आणि पाळीच्या दिवसांत बंद पडलेले स्वच्छतागृह यांवर. पाळीत खेळू नये असा वैद्यकीय नियम नाही, उलट हलक्या व्यायामाने काहींच्या वेदना कमी होतात. पण पाणी नसलेल्या शाळेत हे सांगून उपयोग काय?

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टात शाळेला क्रीडांगण असावे असे म्हटले आहे. तो कायदा आठवीपर्यंतच्या शिक्षणाचा. नववीपासून मैदान सुटण्याशी याचा थेट संबंध आहे असे मी म्हणणार नाही, तरी योगायोग खटकतो.

सायकलचा विषय येथेच निघतो. कर्नाटक शासनाने २००६-०७ मध्ये सरकारी व अनुदानित शाळांतील आठवीच्या विद्यार्थ्यांना मोफत सायकली देण्याची योजना सुरू केली. खेड्यांतून शाळेत सायकलवर येणाऱ्या मुलींची रांग त्या वर्षांत कोणीही पाहिली असेल. उद्देश शाळेत पोहोचवण्याचा होता. त्याबरोबर रोजचे अर्धा-पाऊण तास पायडल मारणे हे फुकटचे मिळत होते, तेही कोणाच्या नजरेला न खुपता. शाळेला जाणारी मुलगी खेळत नसते ना! कोविडच्या काळात ती योजना थांबली. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत मुलींना व स्त्रियांना राज्याच्या साध्या बसगाड्यांतून मोफत प्रवास मिळतो. त्यामुळे कितीतरी मुलींचे महाविद्यालय सुरू राहिले, मी त्या योजनेच्या बाजूची आहे. फक्त एवढेच नोंदवते की सायकलवरची मुलगी आता सीटवर बसली आहे, आणि त्या हालचालीची भरपाई वेळापत्रकात कोणी केलेली नाही.

आमच्या शेजारच्या तेलंगणातील निजामाबादच्या निखत झरीन यांनी २०२२ मध्ये इस्तंबूल येथे आणि २०२३ मध्ये नवी दिल्ली येथे मुष्टियुद्धाचे जागतिक विजेतेपद मिळवले. मुली हे नाव ओळखतात. पण फलकावर तिचे चित्र लावून आपले काम संपत नाही. वर्गातील चाळीस मुलींपैकी एखादी कदाचित ठोसे मारील. उरलेल्या एकोणचाळीस जणींना फक्त घाम येईपर्यंत पळायचे आहे.

मुलग्यांचा आरसा

मुलग्यांची लाज उलट दिशेने काम करते, म्हणून ती लक्षात येत नाही. २००७ मधील 'ओम शांती ओम' चित्रपटात शाहरुख खान यांचे पोटाचे स्नायू पडद्यावर आले आणि 'सिक्स पॅक' हा शब्द खेड्यापर्यंत पोहोचला. आता तालुक्याच्या गावीही व्यायामशाळा आहेत. भिंतभर आरसे, दंडाची मापे आणि प्रथिनांच्या पावडरीचे डबे. अकरावीतला मुलगा शिकवणीची फी चुकवून असा डबा घेतो, त्यावर काय लिहिले आहे ते वाचत नाही. स्वतःचे शरीर कितीही कमावले तरी किडकिडीतच वाटत राहणे, ही अवस्था वैद्यकात नोंदली गेली आहे. आपल्याकडे तिची चेष्टा होते.

पूर्वी येथे तालमी होत्या. 'तालीम' हा शब्दही पाहण्यासारखा आहे : उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण, आणि मराठीत तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा, सराव. तालमीत आरशाला काम नव्हते. शरीर कसे झाले ते समोरच्याला चीत करताना कळे. जोर-बैठका मारणारा पोट सुटलेला पैलवानही तेथे मानाने वावरे. तालमीचे गुणगान मी करत नाही; मुलींना तिच्या उंबऱ्याच्या आत जागा नव्हती. तरी शरीराची परीक्षा कामावरून घ्यावी ही तिची रीत व्यायामशाळेच्या आरशापेक्षा शहाणपणाची होती.

मोबाइलविषयी फार लिहीत नाही. त्यावर सगळेच लिहितात. फक्त फिजी बेटांवरील एक उदाहरण. तेथील एका प्रांतात दूरदर्शन १९९५ मध्ये आले. भरलेल्या अंगाला मान देणारा तो समाज. अ‍ॅन बेकर यांनी तेव्हा शाळकरी मुलींची पाहणी केली, त्यात वजन कमी करण्यासाठी उलटी काढणारी एकही नव्हती. १९९८ मध्ये ११.३ टक्के मुलींनी तसे करत असल्याचे सांगितले. तीन वर्षांत, आणि तेही बैठकीच्या खोलीतील एका पेटीमुळे. आपल्या मुलींच्या हातात ऑनलाइन वर्गांसाठी २०२०-२१ मध्ये आलेली पेटी अंथरुणातही सोबत असते, आणि चेहरा उजळ करून दाखवण्याची सोय तिच्यातच आहे.

आपल्या हातातले

मैदान, कुंपण, क्रीडाशिक्षकाचे रिक्त पद या गोष्टी व्यवस्थापनाकडे मागाव्याच लागतील. तोवर जे विनाखर्च होते ते असे. उंची-वजन घेताना आकडा मोठ्याने पुकारू नये. पडद्याआड घ्यावा व वहीत लिहावा. स्नेहसंमेलनात जाड मुलाला विनोदी पात्र आणि सावळ्या मुलीला मोलकरीण देणे थांबवावे. मैदानाबाहेर बसण्याची शिक्षा, किंवा उलट शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावणे, दोन्ही बंद करावे. हालचाल हा दंड आहे हे मुलांना आपणच शिकवतो. परीक्षेच्या महिन्यात खेळाचा तास गणिताला देणारे शिक्षक प्रामाणिक असतात, मीही तो व्याकरणाला घेतला आहे. आता घेत नाही.

आमच्याकडे गेल्या वर्षी मुलींनी सुचवल्यावरून एक साधी गोष्ट केली. दुपारच्या सुट्टीनंतरचा पहिला अर्धा तास, इमारतीच्या मागच्या अंगणात, जेथे रस्ता दिसत नाही आणि भिंतीची सावली पडते. लंगडी, लगोरी, फुगडी, दोरीवरच्या उड्या. शिट्टी नाही, संघ निवड नाही, गणवेशाची सक्ती नाही. पहिल्या आठवड्यात बहुतेक जणी कठड्यावर बसून राहिल्या. मी स्वतः लंगडी घातली, आणि चार पावलांत पडले. हसू आवरत नव्हते कोणाला. त्या दिवशी कठड्यावरून तिघी खाली उतरल्या. त्यातली एक, जी वर्षभर पोटदुखीची चिठ्ठी आणत होती, लगोरी फोडण्यात इतकी पटाईत निघाली की दोन्ही बाजू तिच्यासाठी भांडू लागल्या.